त्या तिघी एकच

खानापूर कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
बिर्जे टायपिस्टनी चष्म्यावरून विचारलं: नाव?
आणि मी नेहमीसारखी अडखळले.

कन्नड जन्मदाखल्याचं इंग्रजी झालं तेव्हा मी प्रज्ना.
मराठी शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी केलं प्रद्न्या.
पासपोर्टला हुबळीच्या खिडकीतल्या माणसानं
वर न बघता टाकलं प्रग्या.
एका ज्ञचे तीन तुकडे.
परदेशातल्या त्या कचेरीला हे चालत नाही,
त्यांना एका माणसामागे एकच बाई हवी.

बिर्जेंनी स्टॅम्पपेपर सरळ केला:
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती म्हणजे मी.
दोनशे रुपये. नोटरीचे वेगळे.

योरिस वटवाघळं मोजायला आला होता,
तळेवाडीच्या वरच्या गुहेत.
मी दुभाषी. गावकऱ्यांशी मराठी, रेंजरशी कन्नड,
त्याच्याशी इंग्रजी,
आणि दिवस मावळताना गुहेच्या तोंडाशी
सगळ्यांनी गप्प बसायचं.
तो बोटं मिटून मोजायचा, मी वहीत रेघा ओढायची.
आता फॉर्म विचारतो:
ओळख कुठे झाली? कुणाच्या देखत?
देखत होते ते सगळे उलटे टांगलेले.

टिळकवाडीतली एजंट बाई पर्याय सांगते.
इथंच नोंदणी लग्न करा: तीस दिवस नोटीस फळ्यावर,
म्हणजे आख्खा तालुका वाचणार.
नाहीतर पाहुणी म्हणून जाऊन या,
पण पाहुणीला राहता येत नाही.
किंवा लग्नच नको, नुसते जोडीदार म्हणून अर्ज,
फक्त नातं खरं असल्याचा पुरावा लागेल.
फोटो आहेत ना?

आहेत. अठ्ठावीस.
प्रत्येकात आमच्यामध्ये हातभर अंतर,
अंतरात कुणाचं तरी पोर, नाहीतर जीपचा आरसा.
दोन वर्षं जे लपवून निभावलं
तेच आता सहीशिक्क्यानिशी दाखवा म्हणतात.

शिवाय भाषेची परीक्षा.
पडद्यावरचा मास्तर म्हणतो, ख घशातून काढा,
मी काढते.
बाबा ओसरीवरून ऐकतात.
भाषेपायी सत्तावीस दिवस हिंडलग्याला काढलेले बाबा,
ज्यांच्या कपाटात एक नोव्हेंबरची काळी फीत
घडी घालून असते.
तिसऱ्या दिवशी म्हणाले,
"आम्हाला गाव जाग्यावर ठेवून पलीकडं जायचं होतं.
अजून तारखाच पडतात.
तुझी फाईल किती दिवसांची गं?"
नव्वद, मी म्हटलं.
"नव्वद," ते म्हणाले, आणि हसले,
आणि हसू संपल्यावरही तोंड तसंच राहिलं.

रात्री उठून पाहिलं तर दिव्याखाली माझा जन्मदाखला.
कन्नडातलं अक्षर येत नाही असं
चारचौघांत आयुष्यभर सांगत आलेला माणूस
ओळीवर बोट ठेवून सरासर वाचत होता,
शेजारी भाषांतराचा कागद, हातात लाल पेन.

"चुकलंय बघ. तुझ्या आईचं नाव.
इथं कमलव्वा आहे, त्यांनी नुसतं कमल लिहिलंय."

कमल आमच्याच घरात झाली होती.
बैलहोंगलहून आली तेव्हा तिला मराठी येत नव्हती,
बाबांच्या मित्रांनी महिनाभर चहा घेतला नव्हता तिच्या हातचा,
पुरावा कुणी मागितला नव्हता,
परीक्षा मात्र रोज होती, सकाळ-संध्याकाळ.

"बिर्जेंना आणखी एक कागद करायला सांग," बाबा म्हणाले.
"कमलव्वा आणि कमल, दोघी एकच."

आत भांडी थांबली.
आई म्हणाली,
"एकच कुठं?"

बाबा पेन उघडंच धरून बसले.